कुंडीतून परळला आलेली सापसुरळी

मुंबईला मी वर्षातून तीन-चार वेळा जाते, पण ते जाणं टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून. फलटणजवळ आमची रोपवाटिका आहे. रोपं पोचवायची, पावतीवर सही घ्यायची आणि त्याच टेम्पोनं परत फिरायचं. मुंबई पाहिलीस का, असं कुणी विचारलं असतं तर मुंबईची गेटं आणि वॉचमन पाहिलेत, एवढंच मला सांगता आलं असतं.

या फेब्रुवारीत मात्र तीन दिवस राहिले, परळला, यशोदाकाकींकडे. त्या माझ्या यजमानांच्या चुलत काकी. लग्न होऊन गिरणगावात आल्या त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, आणि 'एकदा राहायला ये' हे त्या मला वीस वर्षं सांगत होत्या. या मुक्कामात मी समुद्र धड पाहिला नाही, देवळं पाहिली नाहीत, खरेदी केली नाही. माझे तीन दिवस एका सापसुरळीनं घेतले. तरीही इतक्या भरल्या मनानं मी कुठल्याच प्रवासाहून परतलेले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सापसुरळी नावानं सगळ्यांना माहीत असते, पण नीट पाहिलेली थोड्यांनी, कारण दिसली की एक तर ती पळते नाही तर माणूस. पालीच्या जातकुळीतला प्राणी. वीतभर लांब, तपकिरी, तेल लावल्यासारखा तुळतुळीत, दोन्ही कडांना फिकट पट्टा. पाय असतात चार, पण इतके आखूड की गवतातून जाताना ते दिसतच नाहीत आणि छोटा साप गेल्यासारखं वाटतं. आमच्या माळावर त्या पुष्कळ. सकाळी ऊन पडलं की कुंड्यांच्या काठावर येऊन पडतात, किडे खातात. विष अजिबात नसतं. आमच्याकडच्या बायका त्यांना हाताच्या एका फटकाऱ्यानं बाजूला करून काम करतात.

प्रभादेवी, पहिला दिवस

टेम्पो सकाळी आठला प्रभादेवीला पोचला. एका सोसायटीच्या गच्चीवर बाग करायची होती. शंभरेक कुंड्या वर न्यायला दुपार झाली, कारण मातीची वस्तू फक्त सामानाच्या लिफ्टनं न्यायची आणि ती लिफ्ट दर तिसऱ्या फेरीला बंद पडायची. एक बाई गच्चीवर येऊन प्रत्येक कुंडीत वाकून बघत होत्या.

"ह्यात किडेबिडे नाहीत ना?"

"नाहीत," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. गिऱ्हाइकाला जाणारी प्रत्येक कुंडी आम्ही आडवी करतो, बुडाला थाप मारतो, रोप मुळांसकट अर्धं बाहेर काढून बघतो आणि मगच टेम्पोत चढवतो. वीस वर्षांची रीत आहे.

काम संपल्यावर टेम्पो परत गेला आणि मी एक कुंडी हातात घेऊन परळकडे निघाले. गवती चहाची, चांगली दाट फोफावलेली. काकींनी फोनवर तेवढंच मागितलं होतं. निघताना घाईघाईत कुंपणालगतच्या शेवटच्या रांगेतून मी ती उचलली होती. तिथं माळाचं गवत थेट कुंड्यांना येऊन टेकतं. ती मी आडवी केली नव्हती. घरच्या माणसाला द्यायची होती, गिऱ्हाइकाला नाही.

प्रभादेवीतल्या जुन्या गल्लीत एका आजींनी मला थांबवलंच. "अगं, ताजी पात दिसतेय! दोन मोडून घेऊ का?" मी हो म्हणायच्या आत त्यांनी हात घालून चार मोडल्याही. वर म्हणाल्या, "बाजारात मिळते ती नुसती वाळकी काडी असते." पुढे सिग्नलला टॅक्सीवाल्यानंही मागितली. आमच्याकडे गवती चहा बांधावर वाढतो आणि म्हशी खातात. इथं मी तो घेऊन चालले तर लोक वळून बघत होते. मला मजा वाटली. आता मात्र त्या आजींचा पातीत शिरलेला हात राहून राहून आठवतो.

परळ, संध्याकाळ

काकींची खोली दुसऱ्या मजल्यावर. बाहेर लांब गॅलरी, गॅलरीत प्रत्येकाच्या दारापुढे पाण्याचं निळं पिंप, आणि काकींच्या पिंपाच्या कडेनं रंगाच्या डब्यांत लावलेली झाडं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे ताजी फुलं. मी जयभीम करून वाकले तर काकी आधी कुंडीच्याच पाया पडल्यासारख्या खाली बसल्या आणि वास घेत राहिल्या.

आमच्याकडे घरं एकमेकांपासून लांब. शेजारी यायचा तर कुंपणाशी उभा राहून हाक मारतो. इथं मी पाय धुऊन येईपर्यंत एक बाई घरात येऊन, फ्रीज उघडून, आतलं भांडं सरकवून स्वतःची डाळ ठेवून गेल्या. त्या परबवहिनी, शेजारच्या खोलीतल्या, मूळच्या मालवणकडच्या. जाता जाता म्हणाल्या, "आमचो फ्रीज बिघडलो गो. तू सुनंदा ना? बारीक झालंस." त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

रात्री भाकरी आणि सुकटीची चटणी. काकींचा मुलगा मिलिंद गिरगावात एका वकिलांच्या ऑफिसात आहे. तो म्हणाला, "वहिनी, उद्या हाफ डे टाकतो, तुम्हाला शिवडीचे फ्लेमिंगो दाखवतो." काकींनी कुंडी गॅलरीच्या टोकाला ठेवली. सकाळचं पहिलं ऊन तिथं येतं.

परळ, दुसरा दिवस

मिलिंद कामावर गेला होता. नऊ वाजले असतील. मी आत कांदा चिरत होते. काकी बाहेर झाडांना तांब्यानं पाणी घालत होत्या. एकदम त्यांचा आवाज आला, "चावलं गं काहीतरी!"

बाहेर धावले तर त्या उजवा हात धरून उभ्या. गवती चहाची माती दाबायला त्यांनी पातीत हात घातला होता. तर्जनीवर दोन बारीक ओरखडे, रक्ताचे दोन ठिपके. आणि मला दिसलं एवढंच, की बोटाएवढं जाड, तपकिरी, चमकणारं एक शेपूट पिंपामागे गेलं.

"सापसुरळी आहे," मी सांगून टाकलं. "काही होत नाही, काकी."

तोवर परबवहिनी आल्या. "सापसुरळी? अगो, सापाची मावशी ती! विख असता तिका!" मी सांगत होते की नसतं, त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाचा पाला मागवला. हे मला माहीत होतं, आमच्याकडेही करतात. काही चावलं की पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर बरं. कडू लागला नाही तर विष चढलं.

काकींनी पाला चावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"कडू लागतोय ना?" वहिनींनी विचारलं.

काकींनी आणखी दोन पानं तोंडात टाकली. नीट चावली. "नाही गं," त्या म्हणाल्या. "पालेभाजीसारखा लागतोय."

गॅलरीतल्या चार बायका एकदम बोलायला लागल्या.

माझा त्या पाल्यावर विश्वास नाही. तरी त्या क्षणी मी स्वतःलाच विचारलं, तू नक्की काय पाहिलंस? मी पाय पाहिले नव्हते. डोकं पाहिलं नव्हतं. एक शेपूट पाहिलं होतं. आणि ज्या कुंपणालगतून ती कुंडी उचलली होती, तिथंच दिवाळीच्या सुमारास आमच्या गड्यानं फुरसं धरलं होतं. फुरसं हातभरसुद्धा नसतं आणि माणूस मारतं. सापसुरळी असेल तर काकी संध्याकाळी हसणार होत्या. फुरसं असेल तर काकींना मी माझ्या हातानं मारलं होतं.

कुणीतरी हाताला करकचून दोरी बांधायला निघालं. ती मी काढून घेतली. हात हलवायचा नाही, चालायचं नाही, थेट हॉस्पिटल, एवढं आम्हाला एका शिबिरात पढवलेलं आहे. परबभाऊ, वहिनींचे यजमान, रात्रपाळी करून नुकतेच झोपले होते. ते बनियनवरच बाहेर आले आणि प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले. काकींना खुर्चीत बसवून चौघांनी उचललं.

"अरे, चालता येतंय मला! वरात काढताय की काय माझी?"

"गप बसा हो काकी," परबभाऊ म्हणाले. "वरातीत नवरी बोलत नाही."

जिन्याच्या तोंडाशी काकींनी माझ्याकडे पाहिलं. "सुनंदा, तू ये माझ्याबरोबर."

"नाही," मी म्हणाले. "मी इथं थांबते. काय चावलं ते शोधते."

त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना ते आवडलं नाही हे दिसलं. मलाही आवडलं नव्हतं. पण हॉस्पिटलात माझा काही उपयोग नव्हता, इथं होता.

दहा मिनिटांत परबभाऊंचा फोन आला. "डॉक्टर विचारतायत, काय होतं? बघितलं का कोणी?"

"शोधतेय."

"लवकर बघ. रक्त काढून नळीत ठेवलंय. वीस मिनिटांत गोठलं तर ठीक, म्हणतायत."

कुंड्या आणि डबे एकेक करून मी मधोमध आणले, आडवे केले, थाप मारून रोपं बाहेर काढली. काहीच नाही. म्हणजे ते पिंपामागेच होतं. पिंप काठोकाठ भरलेलं, हलेना. चाळीत पाणी पहाटे एकदाच येतं, आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवायचं असतं. हे मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, पाय जरा जास्त पाण्यानं धुतले तेव्हा. मी पिंपाकडे नुसती बघत उभी राहिले.

परबवहिनींनी विचारलंसुद्धा नाही. घरातून बादली, कळशी, दोन पातेली आणली आणि भरून घेतली. बाकीच्या बायकांनीही भांडी आणली. भांडी संपली तेव्हा वहिनींनी उरलेलं अर्धं पिंप जागेवरच कलतं करून गॅलरीच्या मोरीत ओतलं. पाणी धबाधबा वाहून गेलं. कुणी हळहळलं नाही. मग म्हणाल्या, "आता काकींचा सरकव, आणि आमचाही." कारण त्यांचं पिंप काकींच्या पिंपाला चिकटून होतं. त्यांनी स्वतःचंही रिकामं केलं.

पिंप हललं आणि ते निघालं. भिंतीच्या कडेनं सरळ वहिनींच्या पायांकडे. वहिनींनी किंचाळून हातातला खराटा आपटला.

खराटा शेपटावर पडला आणि शेपूट तुटलं. तुटलेलं शेपूट एकटंच फरशीवर उड्या मारायला लागलं, वळवळायला लागलं. बायका पळाल्या. एक जण स्टुलावर चढली. वहिनी ओरडल्या, "शेपूट नाचता मेला! बघत काय रवलंस, मार तेका!"

मी मात्र ओल्या फरशीवर फतकल मारून बसले. साप शेपूट टाकत नाही. जीव वाचवायला शेपूट टाकून पळते ती पाल नाही तर सापसुरळी. तो नाचणारा तुकडा बघताना मला जेवढा आनंद झाला, तेवढा रोपवाटिकेचा पहिला परवाना हातात आला तेव्हाही झाला नव्हता.

बाकीची सापसुरळी एका रिकाम्या डब्याच्या आडोशाला दडली होती. मी तिच्यावर पिठाची चाळणी पालथी घातली. चार पाय मोजले. पुन्हा मोजले. मोबाईलवर फोटो काढून पाठवला, तरी समाधान झालं नाही. मग वहिनींच्या लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत तिला घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि टॅक्सी केली.

हॉस्पिटल

डॉक्टर तिशीच्या आतबाहेरची मुलगी होती. बरणी उजेडाला धरून ती म्हणाली, "सापसुरळीच आहे. आणि रक्तही गोठलंय, बघा." तिनं नळी आडवी केली. आतलं रक्त हललं नाही. मी ती नळी दोनदा आडवी करायला लावली.

"पण डॉक्टर, पाला कडू नाही लागला," परबभाऊंनी हळूच सांगितलं. त्यांच्या बनियनवर आता कुणाचा तरी शर्ट होता. मिलिंदही गिरगावातून धावत आला होता, घामानं डबडबलेला.

"कडुनिंबाचा ना? काकी, एरवी कधी खाता का तो?"

काकी खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. "रोज सकाळी मूठभर. शुगरसाठी. पाच वर्षं झाली."

डॉक्टर हसायला लागली. मिलिंदनं कपाळावर हात मारला. "आई, हे तू तेव्हाच सांगायचंस ना!"

"मला कोणी विचारलं?" काकी म्हणाल्या. "कडू लागतो का विचारलं, ते खरं सांगितलं."

तरीही संध्याकाळपर्यंत त्यांना ठेवून घेतलं, आणि ते बरोबरच होतं. बोटाला पट्टी, धनुर्वाताचं इंजेक्शन. मी बाकावर बसून होते. चाळीतून कुणी ना कुणी येत होतं, चहा आणत होतं, बरणीत डोकावून जात होतं. प्रत्येकाला मी सगळी हकीगत पहिल्यापासून सांगत होते, आणि प्रत्येक वेळी शेवटी थांबून वाट बघत होते की आता हा विचारेल, पण ती कुंडी आणली कुणी? कुणीच विचारलं नाही.

संध्याकाळी परत आलो तर काकींचं पिंप पाऊण भरलेलं. त्या मजल्यावरच्या प्रत्येक घरानं एकेक कळशी ओतली होती. परबवहिनींचंही तसंच भरलं होतं. वहिनींनी मला त्यांच्याकडेच जेवायला बसवलं. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं कालवण, भात, सोलकढी. "खा गो. सकाळपासून तोंडात काय नाय तुझ्या." मला माणसांसमोर रडायची सवय नाही. मी कालवण फार तिखट आहे असं सांगितलं आणि डोळे पुसले.

शिवडी, तिसरा दिवस

मिलिंदनं शब्द पाळला. सकाळी आम्ही शिवडीला गेलो. दोन्ही बाजूंना जुनी गोदामं, ट्रक, आणि रस्ता संपतो तिथं एकदम चिखल, मैलभर पसरलेला, राखाडी. ओहोटी होती. लांबवर गुलाबी पक्ष्यांची रांग, सगळ्यांच्या माना खाली. एखाद्या लाकडाच्या वखारीत शिरलं आणि मागच्या दारानं वेगळ्याच देशात निघालं, असं काहीतरी वाटलं. मी बराच वेळ पाहिलं.

परतताना गोदामाच्या भिंतीलगत वाळक्या गवतात एक तुळतुळीत पाठ दिसली. ऊन खात पडली होती. सापसुरळी. इथलीच, धड शेपटाची.

मिलिंद थांबला. "वहिनी, बरणीतलीही इथंच सोडायची का?"

मी नको म्हणाले. ही मुंबईची होती, ती आमच्या माळाची. जिथून उचलली तिथं नेऊन सोडायची, एवढं तरी मी नीट करणार होते. आणि केलं. ती आता कुंपणालगत असते. शेपूट बोटाच्या पेरापेक्षा थोडं जास्त वाढलंय, रंगानं जरा वेगळं.

दुपारी परळच्या एसटी आगारातून माझी गाडी होती. काकी पट्टी बांधलेलं बोट घेऊन सोडायला आल्या, मी नको म्हटलं तरी. परबवहिनी आल्या. त्यांनी बरणी परत घ्यायला साफ नकार दिला, आणि वर लालबागहून आणलेला किलोभर मसाला माझ्या पिशवीत कोंबला. आगारात गर्दी होती. फलाटावर उभं राहून मी दोन दिवस तोंडाशी आलेलं बोलून टाकलं.

"काकी, ती कुंडी मी बघून आणायला हवी होती. गिऱ्हाइकाची बघते. तुमची नाही बघितली."

परबवहिनी लगेच म्हणाल्या, "ह्या काय बोलतंस? तुका काय म्हायत..."

काकींनी त्यांना हातानं थांबवलं. माझ्याकडे सरळ पाहिलं.

"हो, बघायला हवी होतीस," त्या म्हणाल्या. "खुर्चीतून खाली नेत होते ना, तेव्हा मला वाटलं की संपलं. मिलिंदचं अजून लग्न व्हायचंय, हेच डोक्यात येत होतं."

मी मान हलवली. गाडी लागली. मी पिशव्या चढवल्या, बरणी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. काकी खिडकीखाली आल्या आणि गज धरून म्हणाल्या,

"पुढच्या वेळी कढीपत्ता आण. बघून आण."